कानातल्यांवर पोट भरेल का?

प्रश्न : माझी मुलगी बारावी कॉमर्सला आहे. पॉलिमर क्लेच्या (भाजल्यावर कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या मातीच्या) पातळ पोळीवर अल्कोहोल इंक (अल्कोहोलमध्ये विरघळवलेली रंगीत शाई) सोडून संगमरवरासारखे रंग उतरवते, वर रबरी ठसे मारते आणि त्यातून कानातली, पेंडंट करते. मैत्रिणी, शेजारणी विकत घेतात. आता म्हणते, कॉलेज नको, हाच धंदा करीन. तिचे बाबा टॉवेलच्या कारखान्यात आहेत. ते ऐकूनच घेत नाहीत. काय करू?
— एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, नमस्कार. मुलीचं काम थांबवू नका, पण कॉलेजही सोडू देऊ नका. हात तिच्याकडे आहे. कमी पडतोय तो हिशेब, आणि बी.कॉम. करता करता तो पक्का होईल.

आजच एक वही घालून द्या. एका जोडाला क्ले किती, शाई किती, हुक, डबी, भाजताना वाया गेलेले तुकडे आणि हाताचा वेळ, सगळं लिहू दे. बहुतेक मुली फक्त साहित्याचे पैसे धरतात, स्वतःची मजुरी धरतच नाहीत. मग विक्री होते, पण हातात काही उरत नाही.

या कामाची खरी मेख अशी की शाईची नक्षी पुन्हा तशीच येत नाही. गिऱ्हाईक मात्र फोटो दाखवून 'अगदी असंच' मागतं. त्यामुळे जोडाचे दोन्ही तुकडे पोळीच्या शेजारशेजारच्या भागातून कापायचे आणि ऑर्डर घेतानाच सांगायचं की रंग तेच मिळतील, लाटा वेगळ्या असतील. म्हणूनच तुमच्या सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेत स्वस्त कानातल्यांच्या ढिगाशेजारी तिने बसू नये असं मला वाटतं. तिथे भावावर विकलं जातं, आणि तिचा माल भावावर विकण्याचा नाही.

टिकाऊपणाची परीक्षा मात्र घ्याच. अल्कोहोल इंक वाळली तरी अल्कोहोल लागताच पुन्हा विरघळते. वरच्या ठशाची शाई किंवा वार्निश त्याच जातीचं निघालं तर खालचे रंग फरफटतात. या शाया उन्हात फिक्याही पडतात. एक तुकडा अर्धा कागदाने झाकून एप्रिलच्या उन्हात खिडकीत ठेवा. काही आठवड्यांनी दोन्ही अर्धे भाग शेजारी धरून बघा. हुक निकेलविरहित घ्या, नाहीतर काहींच्या कानाची पाळी चिघळते आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही.

शाई पेट घेते, म्हणून खिडकी उघडी हवी आणि गॅस लांब. क्ले भाजायला वेगळा छोटा ओव्हन घ्या. पाकिटावरचं तापमान ओलांडलं की क्ले करपून घातक धूर निघतो.

ठसे विकतचे नकोत. त्यावरची चित्रं दुसऱ्याची असतात आणि ती छापून माल विकायला परवानगी लागू शकते. खोडरबर कोरून तिने स्वतःचे करावेत, किंवा स्वतः काढलेली नक्षी ऑफिसचे शिक्के करणाऱ्याकडून करून घ्यावी. सोलापुरी चादरीच्या काठातले भौमितिक आकार घरात रोज डोळ्यांपुढे आहेत, तिथूनच सुरुवात करता येईल.

पुढे डिझाइनच शिकायचं ठरलं तर निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेत अॅक्सेसरीजचा (दागिने, पिशव्या वगैरेंचा) चार वर्षांचा बी.डेस. हा डिझाइनचा पदवी अभ्यासक्रम आहे. बारावी कुठल्याही शाखेची चालते, पण प्रवेश परीक्षा आहे आणि फी लाखांत जाते. ही परीक्षा द्यायला हरकत नाही, बी.कॉम.चा प्रवेश हातात ठेवून द्यावी. धंद्याची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत होते, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. कर्जाचा विचार आत्ता नको.

राहिले तिचे बाबा. दिवाळीपर्यंतच्या नोंदी झाल्या की वही त्यांच्यापुढे ठेवा. वाया गेलेला माल आणि मजुरी त्यांना कुणी समजावून सांगायला नको. कुठे पैसा गळतोय ते तेच दाखवतील. ते आकडे मला कळवा, मग कर्जासाठी जिल्हा उद्योग केंद्रात जायचं की थांबायचं ते ठरवू.