अब्ज डॉलरची पट्टी

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत माझा मशिनिंगच्या जॉबवर्कचा छोटा कारखाना आहे. भाचा पुण्यात एमबीए करतो. तो म्हणतो, २०२३ मध्ये व्हिएतनामला परकीय गुंतवणूक ३६ अब्ज डॉलर आणि भारताला २८ अब्ज. एवढासा देश आपल्या पुढे गेला. मी तर पेपरात भारताचा आकडा ७१ अब्ज वाचला होता. मिसळीची पैज लागली आहे. खरं कोणाचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तिन्ही आकडे खरे आहेत. पैज मात्र फसली आहे.

माझे वडील निफाड तालुक्यातून कांदा लासलगावला न्यायचे. ते पट्टी, म्हणजे व्यापाऱ्याकडची विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, घेऊन आले की आई ती खालून वर वाचायची. वरची रक्कम चारचौघांत सांगायला. हमाली, तोलाई, वाराई वजा जाऊन उरलेली वाण्याची उधारी फेडायला. परकीय गुंतवणुकीची पट्टी अशीच असते. तुमचे ७१ अब्ज ही २०२३-२४ ची सगळ्यात वरची ओळ. बाहेरून आलेलं भांडवल तर त्यात आहेच, पण इथल्या परदेशी कंपन्यांनी मायदेशी न नेता इथंच ठेवलेला नफाही आहे. त्याच वर्षी जुन्या गुंतवणूकदारांनी हिस्से विकून वगैरे ४४ अब्जांहून जास्त परत नेले. राहिले सत्तावीसच्या आसपास. भाच्याचे २८ अब्ज याच ओळीतले, फक्त ते संयुक्त राष्ट्रांच्या अंकटाड या संस्थेचे आणि जानेवारी ते डिसेंबरचे. आपल्या कंपन्यांनी परदेशात गुंतवलेलेही वजा केले की रिझर्व्ह बँकेच्या हिशोबात निव्वळ उरतात १० अब्ज. पुढच्या वर्षी तर वरची ओळ ८१ अब्जांवर गेली आणि निव्वळ आकडा पहिल्या अंदाजात अर्ध्या अब्जाच्याही आत आला!

आता भाच्याचे ३६ अब्ज. ती नोंदणी आहे. एवढे पैसे आणू असं कंपन्यांनी तिथल्या सरकारदरबारी लिहून दिलेलं. प्रत्यक्षात त्या वर्षी २३ अब्जांचं काम झालं, आणि अंकटाडच्या वहीत व्हिएतनामच्या नावावर साडेअठरा लागले. भाच्याला हसू नका. मीही एकदा उद्योजकांच्या बैठकीत नोंदणीचाच आकडा फळ्यावर लिहिला होता. मागच्या रांगेतून एका द्राक्ष निर्यातदारांनी विचारलं, "सर, हे मंजूर की जमा?" मी बँकेत परकीय चलन खात्यावर उभी नोकरी काढलेला माणूस. डस्टर उचललं आणि आधी आकडा पुसला.

म्हणजे एकाच वहीतून घेतलं तर २०२३ ला भारत २८, व्हिएतनाम साडेअठरा. पण एका वर्षावर जाऊ नका. व्हिएतनामने परकीय गुंतवणुकीचा कायदा १९८७ मध्ये केला, आपण दार उघडलं १९९१ मध्ये. २००० साली आपल्याकडे साडेतीन अब्जांच्या आसपास येत होते, त्यांच्याकडे सव्वा. २००८ ला आपले ४७, त्यांचे साडेनऊ. २०२० मध्ये आपण ६४ वर उडी मारली, ते सोळाच्या आत. त्या उडीकडे मात्र जरा बारकाईने पाहा. त्या वर्षी एकट्या फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी रुपये घातले. हे शेअर खरेदीचे पैसे. त्यातून अंबडला एक लेथही हलत नाही. २०२४ ला आपण २८ च्या खालीच, ते २० वर. आपला आलेख गोदावरीच्या पाण्यासारखा, पुरात नदीकाठचा दुतोंड्या मारुती बुडवणारा आणि उन्हाळ्यात आटणारा. त्यांचा कालव्याच्या पाण्यासारखा.

भाच्याच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इथं. व्हिएतनामची लोकसंख्या दहा कोटी. २०२३ चे पैसे माणशी वाटले तर त्यांना १८५ डॉलर, आपल्याला जेमतेम वीस. देशाच्या उत्पन्नाशी ताडलं तर त्यांचे चार टक्क्यांवर, आपले एक टक्क्याच्याही आत. आणि तिथे आलेला पैसा बराचसा कारखान्यांत गेला. तिथल्या बाक निन्ह प्रांतात सॅमसंगचे फोन २००९ पासून बनतात. अर्थात त्यालाही दुसरी बाजू आहे. त्यांच्या निर्यातीत सत्तर टक्क्यांहून अधिक माल परदेशी मालकीच्या कंपन्यांचा असतो. तुमच्यासारख्या स्थानिक जॉबवर्कवाल्याच्या हाती त्यातलं किती लागतं, हा प्रश्न तिथेही विचारला जातो.

परत गेलेला पैसा दिसला की लोक घाबरतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ह्युंदाईने भारतातल्या कंपनीचे शेअर विकून सुमारे २७,८७० कोटी उभे केले, ते सगळे कोरियातल्या मूळ कंपनीचे. चेन्नईजवळचा कारखाना जागचा हलला नाही. आपल्याकडचंच बघा. इगतपुरी तालुक्यातला थिसेनक्रुपचा इलेक्ट्रिकल स्टीलचा कारखाना २०२५ च्या जानेवारीत जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफईच्या भागीदारीने घेतला. जर्मन पैसा परत गेल्याच्या ओळीत, जपानचा वाटा आल्याच्या ओळीत. महामार्गावरून जाणाऱ्याला गेटवरच्या पाटीखेरीज काय फरक दिसणार?

पैजेचं म्हणाल, तर एकूण रकमेत तुम्ही जिंकलात, पण ७१ मुळे नव्हे. माणशी हिशोबात भाचा जिंकला, पण ३६ मुळे नव्हे. मिसळ तुम्ही सांगा, जादा पाव आणि ताक त्याच्याकडे.