कॅल्व्हिनिस्ट म्हणवून घेण्याआधी

प्रिय बेटा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

स्वतःला कॅल्व्हिनिस्ट, म्हणजे सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन याच्या शिकवणीचा, म्हणवून घ्यावं का, असं तू विचारलंस. घे, हरकत नाही. पण नाव शेवटी येऊ दे. ज्या शिकवणीचं ते नाव आहे ती आधी पूर्ण वाचून हो, आणि ती जगायला एक मंडळी असू दे. मोबाईलवर वादाचे व्हिडिओ बघून आठवड्याभरात कॅल्व्हिनिस्ट झालेली मुलं पाच मुद्दे धडाधड म्हणून दाखवतात, पण त्यातला एकही मुद्दा प्रार्थनेत कसा आणायचा हे त्यांना सांगता येत नाही. तुझं तसं होऊ नये म्हणून हे पत्र.

हे नाव आधी विरोधकांनी दिलं. प्रभुभोजनाच्या वादात जर्मन धर्मसुधारक ल्यूथर याच्या बाजूच्या लोकांनी ते वापरलं, आणि खुद्द कॅल्व्हिनला ते रुचलं नव्हतं. करिंथच्या मंडळीत ‘मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा’ असे तट पडले तेव्हा पौलाने काय खडसावलं ते पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. ते वाचूनच हे नाव उचल. त्याचा अर्थ ‘मी कॅल्व्हिनचा’ असा होत असेल तर ते खाली ठेवलेलं बरं. ‘माझं तारण सुरुवातीपासून शेवटपर्यंत देवाच्या कृपेने आहे, आणि ही गोष्ट नीट मांडणाऱ्यांचा मी ऋणी आहे’ असा होत असेल तर खुशाल वापर.

आता ते पाच मुद्दे: पूर्ण भ्रष्टता, बिनशर्त निवड, मर्यादित प्रायश्चित्त, अटळ कृपा आणि शेवटपर्यंत टिकणं. त्यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांची ‘ट्यूलिप’ ही जुळणी कॅल्व्हिनची नाही. ती विसाव्या शतकातली आहे. मराठीत ती अक्षरं जुळतच नाहीत, आणि मला वाटतं हे बरंच झालं. मूळ गोष्ट अशी: देवाची निवड माणसाच्या विश्वासावर अवलंबून आहे असं मानणाऱ्या आर्मिनियस या हॉलंडमधल्या धर्मपंडिताच्या अनुयायांनी 1610 मध्ये पाच कलमं मांडली. त्यांना उत्तर द्यायला हॉलंडमधल्याच डॉर्ट या गावी 1618-19 मध्ये सिनड, म्हणजे मंडळ्यांची धर्मसभा, भरली. कॅल्व्हिन 1564 मध्येच वारला होता. म्हणजे हे पाच मुद्दे एका वादाचं उत्तर आहेत, सगळ्या शिकवणीचा आराखडा नाहीत. करार, प्रभुभोजन, उपासना, मंडळीची शिस्त, रोजचं काम, गोरगरिबांची जबाबदारी हे त्यात जवळजवळ नाहीच, आणि कॅल्व्हिनने आयुष्यभर ज्यावर मेहनत घेतली त्यात हेच जास्त आहे.

मुद्द्यांच्या नावांनीही घोटाळा होतो. ‘पूर्ण भ्रष्टता’ म्हटलं की लोकांना वाटतं, प्रत्येक माणूस होता होईल तेवढा दुष्ट आहे. अर्थ तो नाही. बुद्धी, भावना, इच्छा, शरीर यांतला एकही कोपरा पापापासून सुटलेला नाही, म्हणून माणूस आपल्या बळावर देवाकडे वळू शकत नाही, एवढाच अर्थ. ‘मर्यादित प्रायश्चित्त’ हे नाव तर त्याहून घातक. ख्रिस्ताच्या मरणाचं मोल अपार आहे, साऱ्या जगाच्या पापांना ते पुरून उरेल, असं डॉर्टच्या निर्णयांच्या दुसऱ्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय; आणि सुवार्ता भेदभाव न करता सर्व राष्ट्रांना, सर्व माणसांना सांगायची आहे, हेही त्याच प्रकरणात आहे. तेव्हा ‘देवाने निवडलंच आहे, मग सांगायचं कशाला’ म्हणणारा डॉर्टच्या बाजूचा नाही. शेवटपर्यंत टिकण्याबद्दलच्या पाचव्या प्रकरणात दावीद आणि पेत्र यांच्या पतनाची आठवण मुद्दाम दिली आहे. विश्वासणारा पडतो, वाईट पडतो. देव त्याला पडलेला ठेवत नाही.

आपल्याकडे सर्वांत जास्त चूक होते ती पूर्वनियोजनाला, म्हणजे कोणाचं तारण होणार हे देवाने आधीच ठरवलं आहे या शिकवणीला, नशीब समजण्यात. सहाव्या दिवशी सटवाई कपाळावर लिहून जाते आणि मग काही बदलत नाही, ही कल्पना आपल्या बोलण्यात इतकी मुरली आहे की ख्रिस्ती घरातही ‘देवाची इच्छा’ हे शब्द त्याच सुरात निघतात. वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार, म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये याच परंपरेने लिहिलेला श्रद्धेचा जाहीरनामा, घे आणि त्याचं तिसरं प्रकरण काढ. देव सर्व काही ठरवतो. तरी तो पापाचा कर्ता नाही, माणसाच्या इच्छेवर बळजबरी होत नाही, आणि मधली कारणं रद्द होत नाहीत, उलट पक्की होतात, असं तिथे पहिल्याच कलमात आहे. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये 27 मध्ये हे डोळ्यांनी दिसतं. वादळात सापडलेल्या तारवातला एकही जीव जाणार नाही असं वचन पौलाला मिळालेलं आहे. तरी खलाशी पळू लागतात तेव्हा तोच शिपायांना सांगतो, हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. वचनही खरं, खलाशांची गरजही खरी. आपल्या भाषेत सांगायचं तर पीक देवच देतो, पण सरकी टोबल्याशिवाय कापूस येत नाही. सटवाईचा लेख कोणाशी बोलत नाही. आपण ज्याच्याबद्दल बोलतोय तो बाप आहे, आणि त्याच्याशी बोलता येतं. म्हणून ज्याची प्रार्थना कमी झाली त्याला ही शिकवण कळलेली नाही, असं मी बेधडक समजतो.

‘मी निवडलेला आहे का?’ हा प्रश्न रात्री छळतो, हेही तू लिहिलंस. त्याचं उत्तर देवाच्या गुप्त ठरावात शोधू नकोस. तिथे कोणाला डोकावता येत नाही. कॅल्व्हिन म्हणतो की आपली निवड पाहायचा आरसा ख्रिस्त आहे. त्याच्याकडे पाहा, त्याच्या वचनाला धर, प्रभुभोजनाला ये. डॉर्टच्या पहिल्या प्रकरणात तुझ्यासारख्यांसाठी वेगळं कलम आहे, सोळावं: ज्यांना जिवंत विश्वास अजून जोरकसपणे जाणवत नाही, पण त्याची ओढ आहे, त्यांनी घाबरू नये, वचन आणि संस्कार ही साधनं वापरत राहावं. निवडीचा विषय पौल इफिसच्या पत्रात कुठे काढतो तेही बघ. स्तुतीत! पहिल्या अध्यायाची 3 ते 14 ही वचनं ग्रीकमध्ये एकच लांब वाक्य आहे, आणि त्याची सुरुवात देवाला धन्यवाद देऊन होते.

नागपुरात ही परंपरा बाहेरून शोधून आणायची गरज नाही. ज्यांच्या नावाने हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इथे आले, ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार मानणाऱ्या मंडळीचे. पुढे 1970 मध्ये 29 नोव्हेंबरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली ती आपल्याच ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये. प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स हे सारे प्रवाह तिथे मिळाले. म्हणून तुझ्या बाकावर शेजारी बसणारा आर्मिनियसच्या वळणाचा असू शकतो. लेकरांचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा, दोन्हींना तिथे जागा आहे. तुला पटतं ते मान, विचारलं तर सांग. पाळकसाहेबांचा उपदेश संपल्यावर दाराशी त्यांना अडवून सिनडचे दाखले देऊ नकोस. वेस्टमिन्स्टरच्या त्याच तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटच्या कलमात तर लिहूनच ठेवलंय की हा गूढ विषय विशेष सावधगिरीने हाताळावा.

बाहेर कोणी सर्व्हेटसबद्दल, म्हणजे त्रैक्य नाकारणाऱ्या त्या स्पॅनिश वैद्याबद्दल, विचारलं तर सारवासारव करू नकोस. 1553 मध्ये जिनिव्हात त्याला त्याच्या मतांसाठी जाळलं, आणि खटल्यात कॅल्व्हिनचा हात होता. त्याला जाळण्याऐवजी शिरच्छेदाची शिक्षा द्यावी असं कॅल्व्हिनने सुचवलं होतं, पण मरणदंड त्याला मान्य होता. ते चूक होतं. 1903 मध्ये कॅल्व्हिनच्याच अनुयायांनी त्या जागी चुकीची कबुली देणारा दगड उभारला.

वाचायचं कसं, ते आता सांगतो. कॅल्व्हिनचा मुख्य ग्रंथ ‘इन्स्टिट्यूट्स’, त्याची पहिली आवृत्ती 1536 ची, सहा प्रकरणांची, शेवटची 1559 ची, चार भाग आणि 80 प्रकरणं. पूर्ण ग्रंथ एकदम उघडू नकोस. दम लागतो आणि पुस्तक कपाटात जातं. तिसऱ्या भागाची 6 ते 10 ही पाच प्रकरणं आधी घे, आठवड्याला एक. ती ख्रिस्ती जीवनाबद्दल आहेत: स्वतःला नाकारणं, वधस्तंभ वाहणं, या जगातल्या गोष्टी कशा वापराव्यात. मग विसावं, प्रार्थनेचं. ते बरंच लांब आहे, त्याला महिना दे. पूर्वनियोजन 21 ते 24 मध्ये आहे, प्रार्थनेच्या नंतर. हा क्रम मोडू नकोस.

सोबत 1563 ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी ठेव. 129 प्रश्न, 52 रविवारांत विभागलेले, वर्षाचा हिशेब आपोआप जमतो. पूर्वनियोजनावर तिच्यात स्वतंत्र प्रश्नच नाही. निवडीची गोष्ट ठळकपणे येते ती 54व्या प्रश्नात, पवित्र मंडळी म्हणजे काय हे सांगताना. एकट्याने वाचू नकोस. दोघं-तिघं जमा, एकाने प्रश्न वाचावा, दुसऱ्याने उत्तर, मग दिलेले शास्त्रभाग मराठी बायबलमधून मोठ्याने. जिथे पटत नाही तिथे पेन्सिलने खूण कर आणि पुढे जा. निम्म्या खुणा पुढचे रविवार वाचताना आपोआप पुसल्या जातात. उरलेल्या घेऊन ये.

येत्या रविवारपासून सुरू कर. प्रश्नोत्तरीच्या पहिल्या रविवारात दोनच प्रश्न आहेत. जिवंतपणी आणि मरताना तुझा एकमेव दिलासा कोणता, हा पहिला. त्याचं उत्तर पाठ झाल्यावर भेटू.

तुझा हितचिंतक,
नागपूर