घरबसल्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरने हार्टचा फिटनेस खरंच कळतो का? कोणता वापरावा?

अंदाज येतो, पण तो कॅल्क्युलेटर तुम्हाला काय काय विचारतो त्यावर आहे. नुसतं वय आणि बसल्या जागची नाडी विचारून व्हीओटू मॅक्स (जोराची मेहनत करताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा) सांगणारे सरळ सोडून द्या. आमच्या घरात यावरून केव्हाचा वाद चालू आहे म्हणून एवढं ठासून सांगतेय.

माझा मोठा भाऊ, वय ५८. फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला, व्हीओटू मॅक्स ४६, खाली हिरव्या अक्षरात 'एक्सलंट'. माझा ५२व्या वर्षी ३७ आला, आणि मी रोज चालणारी बाई! झालं, तेव्हापासून "चालून काही होत नसतं, हे जन्मजात असतं" हे जेवताना ऐकायचं. आणि हा माणूस जिन्यात दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबतो, वर मेसेज बघतोय असं दाखवतो. शेवटी मी त्याचा हिशोबच उलगडला. २२० वजा वय म्हणजे १६२, त्याला सकाळच्या नाडीने म्हणजे ५४ने भागायचं, १५.३ने गुणायचं, आले ४६. पण दादा बीपीसाठी बीटा ब्लॉकर घेतो, त्या गोळीनेच नाडी खाली येते आणि कितीही दम लागला तरी ती फार वर चढत नाही, म्हणजे ते १६२ पण खोटेच. काम गोळीचं, शाबासकी ह्याला. औषधाचं कोणी विचारलंच नव्हतं. (तसंही २२० वजा वय ही सरासरी आहे, एकाच वयाच्या दोघांत १०-१२ ठोक्यांचा फरक सहज असतो.)

तुम्ही रॉकपोर्टची चालायची टेस्ट करा. सपाट रस्त्यावर १.६ किमी, न पळता होईल तितकं भरभर, आणि थांबल्या थांबल्या १५ सेकंद नाडी मोजून चारने गुणा, पाणीबिणी नंतर, कारण नाडी झपकन उतरते. मग रॉकपोर्टच्या ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये वेळ, नाडी, वजन, वय टाका. काही महिन्यांनी त्याच साइटवर परत करा आणि आपल्याच जुन्या आकड्याशी ताडा, दुसऱ्याच्या नको. १२ मिनिटं पळायची कूपर टेस्ट १९६८मध्ये अमेरिकन हवाई दलातल्या पुरुषांवर बेतलेली आहे, सवय नसेल तर नादी लागू नका.

हां, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर यातलं काहीच नको, आधी डॉक्टर. आणि नाडीवर परिणाम करणारी गोळी चालू असेल तर माझ्या टेस्टचा आकडाही चुकेल, पण म्हणून गोळी बंद करून मोजायच्या भानगडीत पडू नका, दादाच्या डोक्यात सध्या तेच चाललंय.