अ‍ॅम्ब्युलन्सवरून वर्गात यायचं असेल तर

तुमचा प्रश्न असा, की इमर्जन्सीची बीएस्सी आहे, खासगी रुग्णालयाच्या अ‍ॅम्ब्युलन्सवर सहा वर्षं झाली, आता शिकवायचंय आणि संसर्ग नियंत्रणात पीएचडी करायचीय. सुरुवात कुठून करू? मी साधारण याच वाटेने आलो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी कडू भाग. आपल्याकडे पॅरामेडिसिन, म्हणजे रुग्णालयात पोहोचण्याआधीची तातडीची सेवा, ही वेगळी विद्याशाखा म्हणून रुजलेली नाही. 2014 मध्ये महाराष्ट्रात 108 ही अ‍ॅम्ब्युलन्स सेवा आली तीच गाडीत डॉक्टर बसवून, त्यामुळे पॅरामेडिकला कोणी आणि काय शिकवायचं हा प्रश्न मागेच राहिला, असं माझं मत. आरोग्यसेवेतल्या डॉक्टर-नर्स सोडून इतर व्यवसायांसाठी केलेल्या 2021 च्या केंद्रीय कायद्यात आपला व्यवसाय नावानिशी आला खरा, पण आपले प्राध्यापक बहुधा डॉक्टरच असतात. ऑस्ट्रेलियात 1 डिसेंबर 2018 पासून पॅरामेडिकची राष्ट्रीय नोंदणी आहे आणि विद्यापीठांत पॅरामेडिक मंडळीच शिकवतात. बाहेर जायची तयारी असेल तर तिकडे चौकशी करा.

आता विषय. 'अ‍ॅम्ब्युलन्समधील संसर्ग नियंत्रण' हा पीएचडीचा विषय होत नाही, ते अख्खं खातं झालं. गाडीत रोज खटकणारी एक गोष्ट धरा. माझ्यासाठी ती हातमोजे होती. रुग्णाच्या घरात शिरताना घातलेले मोजे रुग्ण रुग्णालयात सोपवेपर्यंत तेच. त्याच हाताने स्ट्रेचर, दाराची कडी, सलाइन, वर मोबाइल. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये केलेलं एक निरीक्षण 2019 मध्ये छापून आलं. हात स्वच्छ करायला हवे होते अशा प्रसंगांपैकी फक्त 15 टक्के वेळा ते केले गेले, मोजे मात्र निम्म्याहून जास्त वेळा हातात होते. म्हणजे मोजे आपल्याला वाचवायला, रुग्णाला नाही. हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू; मला वाटायचं ही घाण फक्त आपल्याकडेच.

असं मोजायचं कसं, हे लवकर शिका. जागतिक आरोग्य संघटनेचे हातस्वच्छतेचे पाच क्षण घ्या, म्हणजे रुग्णाला हात लावण्याआधी, लावल्यानंतर असे हात स्वच्छ करायचे ठरलेले प्रसंग. किती वेळा संधी आली आणि किती वेळा हात चोळले, एवढंच टिपायचं. ऐकायला सोपं, पण चालत्या गाडीत कोपऱ्यात वही घेऊन बसलात की सगळे एकदम शहाण्यासारखे वागतात. म्हणून पहिल्या काही फेऱ्यांच्या नोंदी मी बाजूला काढायचो. आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या, नंतर नाही. माझ्या एका सहकाऱ्याने आधी नोंदी गोळा केल्या. वर्षभराचं काम कपाटात पडून आहे.

शिकवण्याचा अनुभव आजच सुरू करता येईल. अतिनील दिव्यात चमकणारी पावडर सरावाच्या पुतळ्याच्या हाताला फासायची, मुलांना कॅन्युला (शिरेत घालायची नळी) लावायला सांगायचं, मग खोलीतले दिवे घालवून तो दिवा फिरवायचा. मॉनिटरची बटणं, स्टेथोस्कोप, कुणाचं तरी नाक, सगळं चमकतं. एक तासाच्या व्याख्यानाने जे होत नाही ते पाच मिनिटांत होतं.

एक मात्र करा, शिफ्ट पूर्ण सोडू नका. मी तीन वर्षं सोडल्या होत्या. परत गाडीत चढलो तर स्ट्रेचरचं लॉक बदललेलं, आणि वर्गात मी अजून जुनंच शिकवत होतो.