बूम हातात आला, कॉलेज सुटायला लागलं

प्रश्न : मी पंचवटीत राहते. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणपतीपासून तो एका लोकल केबल चॅनलच्या ऑफिसात पडून असतो. विसर्जनाच्या रात्री पहाटे चारला घरी आला. पगार नाही, पेट्रोलपुरते पैसे देतात. आता म्हणतो, कॉलेज सोडून पूर्णवेळ तिथेच जातो. त्याचे वडील म्हणतात, केबल आता बघतं कोण? या लोकल चॅनलला काही भविष्य आहे का? त्याला जाऊ देऊ की अडवू?
– एक आई, नाशिक

ताई, नमस्कार.

तुमच्या यजमानांचा प्रश्न आधी घेते. केबल कमी झाली, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण हे चॅनल मुळात कशावर उभं राहिलं ते पाहिल्याशिवाय मुलाचा निर्णय करू नका.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढची वीसेक वर्षं सरकारने दाखवायचं आणि आपण बघायचं, एवढाच टीव्हीचा व्यवहार होता. १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास उपग्रह वाहिन्या आल्या, गच्चीगच्चीवर डिश बसल्या, आणि केबलवाल्याच्या लक्षात आलं की एखादा रिकामा चॅनल आपल्याही हातात आहे. त्याला व्हीसीआर जोडला की झालं! जुन्या नाशकातल्या एका वाड्याच्या माडीवरची अशी कंट्रोल रूम मी कॉलेजात असताना पाहिली आहे. तीन व्हीसीआर, त्यांना वारा घालणारा एक टेबल फॅन आणि कॅसेट संपत आली की जिन्यावरून धावत येणारा पोरगा. सकाळी भजनं, रात्री सिनेमा (तो कुठून आणला हे विचारायचं नाही), मधल्या वेळात वाढदिवसांचे फोटो. बातम्या त्यानंतर आल्या.

आणि टिकल्या त्या बातम्याच. पावसाळ्यात राज्यपातळीवरच्या वाहिनीवर 'नाशिकमध्ये गोदावरीला पूर' एवढी एक पट्टी फिरते. तुम्ही पंचवटीतल्या, तुम्हाला सांगायला नको. आपल्याला हवं असतं ते गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते. गुडघ्याला, कमरेला की छातीला? गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं तो आकडा आणि मारुतीचं चित्र शेजारीशेजारी दिसलं की सराफ बाजारातला दुकानदार माल वर उचलायचा की नाही ते ठरवतो. रंगपंचमीची रहाड (रंगाच्या पाण्याचा हौद), काळारामाचा रथ, लासलगावचा आजचा कांद्याचा भाव यांचंही तसंच. हे बघणारा माणूस कुठे गेलेला नाही. तो टीव्हीवरून मोबाईलवर गेला, इतकंच.

चॅनलांचं कंबरडं मोडलं ते वेगळ्याच कारणाने. ३१ मार्च २०१३ ही देशातल्या ३८ शहरांसाठी सेट-टॉप बॉक्सच्या सक्तीची तारीख होती, त्यात नाशिक होतं. त्याआधी गल्लीतला केबलवाला आपल्या माडीवरून स्वतःचं चॅनल वायरीत घुसवू शकत होता. बॉक्स आल्यावर चित्र हेडएंडवर, म्हणजे सगळी चॅनलं जिथून वायरीत सोडतात त्या मुख्य केंद्रावर, डिजिटल होऊन, कुलूप लागूनच बाहेर पडायला लागलं, आणि किल्ली मोठ्या ऑपरेटरकडे गेली. ज्याचं हेडएंड त्याचं चॅनल, नाहीतर जागेसाठी त्याचे उंबरे झिजवायचे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने या चॅनलांसाठी नियम काढले. सरकारी कागदावर त्यांना 'प्लॅटफॉर्म सर्व्हिस' म्हणतात. नोंदणीची फी चॅनलमागे फक्त हजार रुपये आहे, पण स्थानिक बातम्या दाखवायच्या तर ऑपरेटर कंपनी म्हणून नोंदलेला हवा आणि दाखवलेल्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवायला हवं. तुमच्या मुलाच्या चॅनलची अशी नोंदणी आहे का, हे त्याने मालकांना सरळ विचारावं. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर पुढचं वाचायचीही गरज नाही. मुलाला घरी आणा.

आता मुलाकडे येऊ. मला त्याचं एकच कळायला हवं होतं, आणि नेमकं तेच पत्रात नाही. विसर्जनाच्या रात्री तो होता कुठे?

वाकडी बारवेपासून मिरवणूक निघते तेव्हा चॅनलचा एक पोरगा बूम, म्हणजे चॅनलचा माइक, घेऊन ढोलपथकापुढे उभा असतो. तो सगळ्यांना दिसतो, नातेवाईक फोन करतात. दुसरा कोणाच्या तरी गॅलरीत कॅमेरा लावून सहा तास पाय न हलवता उभा असतो. तिसरा ऑफिसात स्विचरवर, म्हणजे एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जायच्या यंत्रावर, बसतो. कुठला कॅमेरा कधी घ्यायचा, गर्दीत मोबाईलचं नेटवर्क बसलं आणि चित्र अडकलं तर त्या क्षणी काय दाखवायचं, मंडळाचं नाव पट्टीवर बरोबर लिहिलंय का, जाहिरात कुठे टाकायची, हे सगळं त्याच्या बोटांवर असतं. मोठ्या वाहिनीत या कामांना चार-पाच माणसं असतात. इथे एकच पोरगा, तोही अर्धवट झोपेत. म्हणून इथे वर्षभरात जे अंगवळणी पडतं ते मोठ्या ठिकाणी पडायला बराच काळ जातो. लोकल चॅनलची खरी किंमत मी यात मोजते.

तो स्विचरवर किंवा एडिटिंगला बसत असेल, तर त्याची ती पहाट वाया गेली नाही, असं खुशाल समजा. नुसता बूम धरत असेल, तर मला काळजी वाटते. बूमवाल्या पोराला काही महिन्यांत सांगतात, 'बातमी राहू दे, दिवाळीच्या शुभेच्छांच्या जाहिराती आण, कमिशन देतो.' माझ्याकडे असा एक मुलगा आला होता. तीन वर्षं एका चॅनलमध्ये काढली, गाडीवर 'प्रेस' लिहिलेलं, नगरसेवक नावाने ओळखतात, आणि दोन मिनिटांची बातमी कापून, म्हणजे एडिट करून, दे म्हटलं तर कीबोर्डवर हात चालेना. राज्य सरकार पत्रकाराला देतं ती अधिस्वीकृती पत्रिका वेगळी आणि चॅनलने लॅमिनेट करून गळ्यात घातलेलं कार्ड वेगळं, हेही त्याला माहीत नव्हतं.

कॉलेज मात्र सोडू देऊ नका. इथे मी हट्टी आहे, आणि माझं कारण 'डिग्री असावी बाबा' असलं मोघम नाही. या धंद्यात वर चढायच्या ज्या पायऱ्या आहेत त्यांच्या दारातच पदवी मागतात. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट) टेलिव्हिजन विभागाचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. दिग्दर्शन, कॅमेरा, व्हिडिओ एडिटिंग. त्यांना पदवीधर लागतो, बी.कॉम. चालतं. बातमीचीच ओढ असेल तर आयआयएमसी या केंद्र सरकारच्या पत्रकारिता संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, पुण्यात विद्यापीठाचं पत्रकारितेचं रानडे इन्स्टिट्यूट आहे. तिथेही तेच. दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलेला मुलगा कितीही हुशार असो, अर्जाच्या पहिल्या पानावरच अडकतो. राहिलंय दीड वर्ष. चॅनलला खरी गरज संध्याकाळच्या बुलेटिनची आणि सणावाराची असते, मग कॉलेज सांभाळून संध्याकाळी जायला अडचण कसली?

तो सिंहस्थ कुंभमेळ्याचं नाव काढेलच. २०२७ मध्ये रामकुंडावर देशभरातले कॅमेरे असतील, माणसं लागतील, हे खरं आहे. ती कामं पर्वणीपुरती, रोजावर असतात. त्या रोजासाठी परीक्षा बुडवू नये. पण कॅमेरा हातात बसलेला पदवीधर मुलगा तेव्हा तिथे असेल, तर बाहेरून आलेल्या टीमला गल्लीबोळ ठाऊक असलेला माणूस हवाच असतो.

पैशाचं एवढंच सांगते, पेट्रोलवर तीन महिने ठीक, सहा महिने नाही. त्यानंतर कागदावर काहीतरी हवं, मग ती रक्कम लहान का असेना. 'आपल्या घरचंच आहे रे' असं मालक म्हणाले तर तो नकार आहे, एवढं मुलाला समजावून सांगा.

आणि एक काम त्याला आजच करायला लावा. ते रेकॉर्डिंग नव्वद दिवस ठेवणं सक्तीचं आहे. त्यानंतर हार्डडिस्क रिकामी करायची असते म्हणून सर्रास पुसतात. विसर्जनाचे नव्वद दिवस डिसेंबरात भरतात. त्या रात्रीचा त्याने स्वतः लावलेला, कापलेला भाग मालकांना विचारून पेनड्राइव्हवर घेऊन ठेवू दे. तो भाग तुम्हीही एकदा त्याच्या शेजारी बसून बघा. कुठला शॉट त्याने घेतला आणि का घेतला ते त्याला विचारा. तो सांगू लागला की तो त्या रात्री कुठे होता ते मला कळवायची गरज उरणार नाही.