‘टाइमझोनची काळजी घ्यावी’ म्हणजे नक्की काय करावं?

तुमचा प्रश्न असा: ऐरोलीत टीम लीड आहात, प्रत्येक प्रोजेक्टच्या शेवटी ‘लेसन्स लर्न्ड’चं, म्हणजे कामातून मिळालेल्या धड्यांचं एक्सेल भरून घेता, पण पुढच्या प्रोजेक्टला ते कोणी उघडत नाही, तर एखादं नवीन टूल घ्यावं का?

टूलने काही होणार नाही. नवी मुंबईच्या महापे-घणसोली आयटी पट्ट्यात अठरा वर्षं काढली. नोंदी ठेवायला शेअरपॉइंट झालं, विकी झालं, कॉन्फ्लुअन्स झालं. आतला मजकूर तोच. ‘कम्युनिकेशन सुधारावे.’ ‘टेस्टिंग लवकर सुरू करावे.’ याला कोणी नाही म्हणणार नाही आणि यातून कोणी काही करणारही नाही.

आमच्याकडे बिलिंगचं काम होतं. 1 तारखेला पहाटे झालेले व्यवहार रिपोर्टमध्ये मागच्या महिन्यात पडायचे. तीन रात्री जागल्यावर कळलं, डेटाबेस वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत ठेवतो आणि रिपोर्ट तीच तारीख उचलतो. आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे रात्री 12 ते पहाटे 5.30 मधलं सगळं आदल्या दिवसाच्या नावावर. दुरुस्ती दोन ओळींची. शीटमध्ये आम्ही लिहिलं, ‘टाइमझोनची काळजी घ्यावी.’ दीडेक वर्षाने शेजारच्या टीमने तोच घोळ घातला, आणि गंमत म्हणजे त्यांनी आमची शीट वाचली होती. त्यांच्यातल्या एका पोराने कॅन्टीनमध्ये विचारलं, “सर, काळजी म्हणजे करायचं काय होतं?” मला उत्तर देता येईना.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा हे खरं, पण दगड कुठे होता ते सांगितलं तर.

तेव्हापासून मी घटना घडली त्याच दिवशी लिहितो. घणसोलीला लोकलमध्ये बसायला मिळालं तर ठाणे येईपर्यंत चार ओळी होतात: काय दिसलं, कारण काय निघालं, सापडलं कसं, आणि हे कुठल्या परिस्थितीत खरं आहे. प्रोजेक्ट संपेपर्यंत थांबलात तर निम्मी माणसं दुसऱ्या कामावर गेलेली असतात आणि उरलेल्यांना फक्त वैताग आठवतो.

चौथी ओळ सगळे गाळतात. 4 जून 1996 रोजी युरोपचं एरियान 5 रॉकेट पहिल्याच उड्डाणात 40 सेकंदांच्या आत फुटलं, ते आठवा. दिशादर्शनाचा कोड एरियान 4 वरून जसाच्या तसा घेतलेला. आडव्या वेगाशी निगडित एक 64 बिटांची संख्या 16 बिटांत बसवताना ओव्हरफ्लो झाला, म्हणजे आकडा त्या जागेत मावला नाही. जुन्या रॉकेटच्या मार्गावर तो आकडा तेवढा वाढतच नसे, म्हणून तिथे तपासणी न ठेवण्याचा निर्णय विचार करून घेतला होता. पण चौकशी अहवालात म्हटलंय की त्या निर्णयाचं कारण सोर्स कोडमध्ये कुठेच नोंदलेलं नव्हतं. कोड पुढे गेला, अट मागे राहिली.

लिहिलेलं ठेवायचं कुठे, तर पुढचा माणूस जिथे नाइलाजाने येणारच, तिथे. आमचा टाइमझोनचा धडा आता एक ऑटोमेटेड टेस्ट आहे: 1 तारखेच्या रात्री 12.15 चा व्यवहार टाकायचा आणि महिना तपासायचा. ती टेस्ट कोणाला ‘वाचावी’ लागत नाही. ज्याची टेस्ट होत नाही ते रिव्ह्यूच्या चेकलिस्टमध्ये किंवा प्लॅनच्या टेम्प्लेटमध्ये. ‘मुंबईच्या क्लायंटची यूएटी (क्लायंटने स्वतः करायची शेवटची चाचणी) गणपतीच्या आठवड्यात धरू नये’ ही आमच्या टेम्प्लेटमधली ओळ अशीच आली, दोनदा तोंडघशी पडल्यावर.

आणि हो, ही नोंद अप्रेझलला वापरू नका. एका मॅनेजरने एकदाच वापरली. त्यानंतर सगळ्या चुका ‘व्हेंडरमुळे’ व्हायला लागल्या.

जुनी शीट टाकू नका. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: सोमवारी रुजू झालेल्या मुलीला हे वाचून काय करायचं ते कळेल का? नसेल तर ज्याने लिहिली त्याला आजच फोन लावा. तोही विसरला असेल तर ओळ उडवा. आमच्या 140 ओळींतल्या 11 राहिल्या.