लाकडी कॅमेऱ्यांचा कारखाना आणि हातातले तीस लाख

प्रश्न : माझे वय ५१ असून कोल्हापूरजवळच्या एका कारखान्यात टूलरूमचा प्रमुख म्हणून सत्तावीस वर्षे काम केल्यावर मी नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. भविष्य निर्वाह निधीतले २० लाख धरून माझ्याकडे एकूण ४६ लाख रुपये आहेत. पत्नी शिक्षिका आहे, मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि ७ लाखांचे गृहकर्ज बाकी आहे. चार बाय पाच इंचाच्या शीट फिल्मवर (रिळाऐवजी एकेका सुट्या तुकड्यावर) चालणारा, घडी करून नेता येणारा सागवानी फील्ड कॅमेरा मी स्वतः तयार केला असून तो परदेशी छायाचित्रकारांना विकण्यासाठी ३० लाखांचा छोटा कारखाना काढावा असे मनात आहे. हा निर्णय योग्य ठरेल का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपले पत्र आणि खर्चाचा तक्ता मी दोनदा वाचला, आणि नमुन्याची छायाचित्रेही बारकाईने पाहिली. तीस लाखांचा कारखाना आपण काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅमेरा मात्र आपण जरूर बनवावा आणि विकावाही. या दोन गोष्टी वेगळ्या का आहेत, ते पुढे मांडतो.

आपल्या कामाबद्दल मला शंका नाही, हे आधी नोंदवतो. चार बाय पाचच्या होल्डरमध्ये, म्हणजे फिल्म धरणाऱ्या चपट्या पेटीत, फिल्म ज्या खोलीवर बसते, तिचे प्रचलित अमेरिकन माप ०.१९७ इंच, म्हणजे जवळजवळ ५ मिलिमीटर असून त्यात अधिक-उणे ०.००७ इंचाची सूट असते. कॅमेऱ्याच्या मागची, जिच्यावर आधी चित्र पाहतात ती घासलेली काच नेमकी त्याच पातळीवर आली नाही, तर काचेवर रेखीव दिसलेले चित्र फिल्मवर पुसट उतरते. आपण बारा होल्डरांचे चारही कोपरे जूनमध्ये आणि पुन्हा ऑगस्टच्या दमट हवेत मोजले आणि दोन्ही वेळची मापे एका वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवली. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या, म्हणजे भिंग आणि फिल्म यांच्यामधल्या घड्यांच्या पिशवीच्या, आत दिवा लावून घड्यांच्या कोपऱ्यांतून झिरपणारा उजेड आपण शोधलात, आणि तिसऱ्या प्रयत्नात तो बंद झाला. इतक्या निगुतीने काम करणाऱ्या माणसाला उत्पादन जमेल का, हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न गिऱ्हाइकांच्या संख्येचा आहे.

फिल्म पुन्हा लोकप्रिय होत असल्याच्या बातम्यांचा आधार आपण घेतला आहे. त्या बातम्या खऱ्या आहेत, पण त्या प्रामुख्याने ३५ मिलिमीटर फिल्मविषयी आहेत. २०२३ च्या अखेरीस इंग्लंडच्या हार्मन कंपनीने आणलेली नवी रंगीत फिल्म त्याच आकारात निघाली, आणि २०२४ मध्ये आलेला पेंटॅक्सचा नवा फिल्म कॅमेराही ३५ मिलिमीटरचीच रिळे घेतो. स्वस्तात जुना कॅमेरा घेऊन हौस म्हणून छत्तीस फोटो काढणारी तरुण मंडळी आणि तिपाई उभारून, डोक्यावर काळे कापड घेऊन एका चित्रासाठी अर्धा तास थांबणारा छायाचित्रकार यांच्यात फार मोठे अंतर आहे. पहिल्या गटातले थोडेच लोक दुसऱ्यात येतात आणि जे येतात त्यांना आधी जुन्या बाजारातले लिनहॉफ, सिनार किंवा टोयो दिसतात. हे कॅमेरे पन्नास पन्नास वर्षे टिकतात. म्हणजे आपला खरा प्रतिस्पर्धी दुसरा कारखानदार नसून त्याच्या आजोबांनी विकलेला कॅमेरा आहे, आणि आपण स्वतः विकलेला चांगला कॅमेराही त्या गिऱ्हाइकाला पुन्हा आपल्याकडे येऊ देणार नाही.

शिवाय आपला कॅमेरा ज्या वस्तूंशिवाय निरुपयोगी आहे, त्यांतली एकही आपल्या हातात नाही. जपानच्या कोपाल कंपनीने अशा कॅमेऱ्यांच्या भिंगांसाठीची यांत्रिक शटरे बनवणे थांबवून बरीच वर्षे झाली, त्यामुळे गिऱ्हाइकाला भिंग बहुधा जुनेच शोधावे लागते. शीट फिल्म बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत : रोचेस्टरची कोडॅक, मॉबर्लीची हार्मन, चेक प्रजासत्ताकातली फोमा आणि आणखी काही. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरी संरक्षण मागितले होते, तर आपल्याकडे १९६० साली उटीला उभी राहिलेली हिंदुस्तान फोटो फिल्म्स तर कायमची बंद पडली. उद्याच फिल्म नाहीशी होईल असे मी म्हणत नाही, तसे वाटतही नाही. पण दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असलेल्या धंद्यात आठ वर्षांनी वसूल होणारे भांडवल अडकवू नये.

या क्षेत्रात जे टिकले, त्यांच्याकडे पाहा. इंग्लंडमधल्या ब्राइटनच्या इंट्रेपिड कंपनीने २०१४ मध्ये लोकांकडून आगाऊ रक्कम गोळा करून सुरुवात केली. प्लायवूडचा हलका आणि नव्या कॅमेऱ्यांत स्वस्त असा कॅमेरा त्यांनी दिला, आणि तो घेणाऱ्यांना लागणाऱ्या इतर वस्तूंकडे ते पुढे वळले. टोकियोच्या एबनी कंपनीचे लाकूड आणि टायटॅनियमचे कॅमेरे तर नावाजलेले होते, पण ती कंपनी २०१६ मध्ये बंद झाली. आपल्या देशातही १९४० च्या दशकात केरळातल्या आलप्पुळा येथे सुरू झालेल्या वागीश्वरी कॅमेऱ्यांनी असंख्य स्टुडिओ चालवले. आपण पत्रात बाबूराव पेंटरांचा दाखला दिला आहे, आणि कोल्हापूरच्या माणसाला १९१८ च्या सुमारास इथेच घडलेल्या त्या सिनेकॅमेऱ्याची आठवण येणे साहजिकच आहे. पण बाबूरावांनी तो कॅमेरा विकण्यासाठी घडवला नव्हता, त्यांना स्वतःला चित्रपट काढायचा होता. यंत्र घडवण्याचे कौशल्य आणि यंत्र विकण्याचा धंदा यांत म्हणूनच गल्लत होऊ देऊ नये.

आता आपला तक्ता. आपण महिन्याला वीस, म्हणजे वर्षाला २४० कॅमेरे धरले आहेत आणि प्रत्येकाची किंमत ३२ हजार. एका कॅमेऱ्यामागे कच्चा माल ११,५०० रुपये, पैसे मिळवण्याचे आणि विक्रीचे शुल्क सुमारे १,६०० आणि परत येणाऱ्या किंवा वाटेत मोडणाऱ्या मालासाठी मी १,५०० धरतो. हाती १७,४०० उरतात. शेडचे भाडे, दोन कामगार, वीज वगैरे मिळून महिना ६८ हजार, म्हणजे वर्षाला ८ लाख १६ हजार होतात. २४ लाखांच्या यंत्रांची झीज आठ वर्षांत विभागली तर ३ लाख. आपण स्वतःचा पगार तक्त्यात धरलेलाच नाही. महिना ५० हजारांप्रमाणे तो ६ लाख होतो. शिवाय हेच ३० लाख बँकेत ठेवून सात टक्क्यांनी मिळाले असते ते २ लाख १० हजार. या सगळ्याची बेरीज १९ लाख २६ हजार येते, म्हणजे नुसते बरोबरीत सुटायला वर्षाला १११ कॅमेरे विकले गेले पाहिजेत. ज्याचे नाव अजून कोणी ऐकलेले नाही अशा कारागिराने पहिल्या-दुसऱ्या वर्षी महिन्याला नऊ कॅमेरे परदेशात विकणे मला शक्य वाटत नाही.

हेच गणित यंत्रे विकत न घेता करून पाहू. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जॉबवर्क करून देणारे आपल्या ओळखीचे आहेतच. धातूचे भाग त्यांच्याकडून करून घेतले, तर एका कॅमेऱ्यामागे ४,५०० रुपये वाढतील आणि हाती १२,९०० उरतील. पण घरामागच्या खोलीत काम केल्यास वर्षाचा स्थिर खर्च एक लाखाच्या आत राहील. स्वतःचा पगार सुरुवातीला २५ हजार घ्यावा आणि ६ लाखांच्या भांडवलावरचे व्याज धरावे. असे केल्यास वर्षाला ३५ कॅमेऱ्यांत बरोबरी होते. आणि किंमत ३२ ऐवजी ४८ हजार ठेवली, तर एवढ्यासाठी सोळाच कॅमेरे पुरतात. किमतीचा हा भाग आपण फार घाईने उरकला आहे. स्वस्त म्हणून घेणारे गिऱ्हाईक प्लायवूडचा कॅमेरा घेईल, कारण आपल्या किमतीवर त्याला कुरिअर आणि आयातीवरचा कर भरायचाच आहे. सागवान, पितळी जोडणी आणि प्रत्येक होल्डरसोबत आपल्या सहीची मापांची चिठ्ठी यांसाठी जास्त मोजणारे गिऱ्हाईक निराळे असते. ते मोजकेच आहे, पण आपल्याला तरी किती हवे आहे? सोळाच.

माझी खरी अपेक्षा मात्र भात्यांकडून आहे. आपण ते तक्त्याच्या शेवटच्या ओळीत “इतर” म्हणून टाकून दिले आहेत. कॅमेऱ्याची चौकट पन्नास वर्षे टिकते, पण भाता टिकत नाही. त्याच्या घड्या चिरतात, कोपऱ्यांना भोके पडतात आणि उत्तम स्थितीतला जुना कॅमेरा तेवढ्यासाठी पडून राहतो. म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांचा जो प्रचंड साठा आपल्या नव्या कॅमेऱ्याशी स्पर्धा करतो, तोच भात्याच्या धंद्यात आपले गिऱ्हाईक होतो. भाता वजनाला हलका, पाठवायला स्वस्त आणि मापावर बनवायचा, त्यामुळे माल साठवून ठेवावा लागत नाही. लेन्स बोर्डांचेही, म्हणजे भिंग बसवायच्या फळ्यांचेही, तसेच आहे. आठ बाय दहाच्या होल्डरांचाही जरूर विचार करावा. तो आकार आपल्याकडच्या एक्स-रे फिल्मचाही आहे, आणि स्वस्त पडते म्हणून अनेक हौशी छायाचित्रकार तीच फिल्म वापरतात. सहा महिने फक्त भाते आणि बोर्ड विकावेत आणि कॅमेऱ्याच्या मागण्या त्यातूनच येऊ द्याव्यात, असे मला मनापासून वाटते.

यंत्राविषयी थोडे परखडपणे लिहितो. माझ्या एका अशिलाने एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर व्हीएमसी (धातू कापणारे संगणकनियंत्रित यंत्र) घेतले आणि चौदा महिन्यांत ती ऑर्डर थांबली. मी त्यांच्या शेडमध्ये गेलो तेव्हा यंत्रावर निळी ताडपत्री होती, तिच्यावर चहाचा थर्मास ठेवलेला होता आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दर महिन्याच्या ५ तारखेभोवती हप्त्याचा लाल गोल काढलेला होता. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतच्या प्रकल्पासाठी कर्ज मिळते आणि सर्वसाधारण गटाला शहरी भागात १५, ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान असते, हे आपण बरोबर लिहिले आहे. पण अनुदान वजा जाता उरलेले कर्ज आपल्याच डोक्यावर राहते. अनुदान मिळते म्हणून प्रकल्प मोठा करू नये.

लोकांकडून आगाऊ रक्कम घेण्याचा विचार आपण मांडला आहे. तो नाकारण्यासारखा नाही, पण ती रक्कम उत्पन्न म्हणून कधीही धरू नये. अमेरिकेतल्या न्यू५५ या उपक्रमाने २०१४ मध्ये चार बाय पाचची झटपट फिल्म बनवण्यासाठी चार लाख डॉलरचे उद्दिष्ट ठेवून रक्कम उभी केली आणि माल बनवूनही दाखवला, तरी २०१७ च्या अखेरीस त्यांना काम बंद करावे लागले. मागणी होती, चाहतेही होते, पण इतक्या कमी संख्येत माल बनवण्याचा खर्च आवाक्यात आला नाही. एका वेळी दहापेक्षा जास्त आगाऊ मागण्या घेऊ नका आणि ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून कॅमेरा रवाना झाल्यावरच तिला हात लावा. निर्यातीसाठी आयईसी, म्हणजे आयात-निर्यात संकेत क्रमांक, घ्या आणि जीएसटीत हमीपत्र द्या, म्हणजे निर्यातीवर कर भरावा लागणार नाही. अमेरिकेवर मात्र सगळी भिस्त ठेवू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये त्या सरकारने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी काढून घेतली, आणि भारतीय टपाल खात्याला तिकडची बहुतेक पार्सले काही आठवडे थांबवावी लागली. सोळा कॅमेऱ्यांच्या धंद्यात असे दोन महिने म्हणजे वर्षाचा सहावा हिस्सा.

घरच्या पैशांची मांडणी मी अशी करीन. भविष्य निर्वाह निधीतले २० लाख काढू नका. २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज होते आणि इतकी सुरक्षित दुसरी जागा आपल्याला सहज मिळणार नाही. उरलेल्या २६ लाखांतून ७ लाखांचे गृहकर्ज फेडून टाका, कारण पगार थांबल्यावर हप्त्याचे ओझे मनावर बसते आणि धंद्यातले निर्णय त्या दडपणाखाली बिघडतात. मुलीच्या उरलेल्या शिक्षणासाठी ५ लाख आणि वर्षभराच्या घरखर्चासाठी ७ लाख मुदत ठेवीत ठेवा. कंपनीचा सामूहिक आरोग्यविमा नोकरीबरोबर संपला आहे. कुटुंबासाठी किमान १० लाखांचा नवा विमा या महिन्यातच घ्या, त्याचा हप्ता पत्नीच्या पगारातून सहज भागेल. एवढे केल्यावर धंद्यासाठी ७ लाख उरतात. त्यांतले ६ लाख हत्यारे, लाकूड, कापड आणि पहिल्या मालासाठी वापरा, १ लाख हाताशी ठेवा. हे ७ लाख पूर्ण गेले तरी घराला धक्का लागणार नाही, म्हणूनच ही रक्कम मी ठरवली आहे.

अठरा महिन्यांची मुदत घाला. तेवढ्यात भाते, बोर्ड आणि कॅमेरे मिळून आपला २५ हजारांचा पगार सलग सहा महिने निघाला, तर पुढच्या यंत्राचा विचार करू, तोही जुन्या यंत्राचा. नाही निघाला, तर हत्यारे घरातच राहतील, आणि टूलरूमचा इतका अनुभव असलेल्या माणसाला उद्यमनगरात काम मिळायला वेळ लागणार नाही. पत्नीशी हा आकडा आणि ही मुदत आजच बोलून घ्या आणि दोघांच्या सहीने त्याच वहीत लिहून ठेवा. व्हीएमसीच्या विक्रेत्याने दिलेल्या दरपत्रकाची मुदत महिनाअखेर संपते असे आपण लिहिले आहे. ती संपू द्या. पहिल्या दहा भात्यांचा प्रत्यक्ष खर्च, लागलेले तास आणि मिळालेली किंमत एवढे तीन आकडे मला पाठवा. कॅमेऱ्याची किंमत नेमकी किती ठेवायची, ते त्यावरून ठरवता येईल.